बारा जणांचं माप

रविवारी रात्रीच ओवीदनं घेवडा भिजत घातला.
झोपायला जाताना पाहिलं:
खेकडे उकडायचं मोठं पातेलं,
तळाशी लाल दाणे, चार पौंड तरी.
बोलले नाही काही.

एकतीस वर्षं तो मिसिसिपीवर शिजवत होता,
बार्जा ढकलणाऱ्या बोटीच्या पोटात,
बारा माणसांसाठी, दिवसातून तीनदा.
अठ्ठावीस दिवस पाण्यावर, चौदा घरी,
आणि त्या चौदा दिवसांत
गॅसला हात म्हणून लावला नाही.
सोमवारी माझ्या हातचा घेवडा खायचा,
"छान झालाय, झेनोबी" म्हणायचा
आणि तिखट सॉसची बाटली उपडी करायचा.

ऑक्टोबरात कंपनीनं घड्याळ देऊन उतरवलं त्याला.

सोमवार आमच्याकडे धुण्याचा.
सासूच्या वेळी एका चुलीवर कपडे उकळायचे,
दुसरीवर घेवडा;
दोन्ही आपापलं शिजत राहायचं,
बाईचे हात मोकळे.
मोकळे म्हणजे साबणात.
आता कपडे मशीन धुतं.
सोमवार तेवढा उरलाय.

मी मशीनपाशी उभी राहून बघते.
कांदा, सेलरी, ढोबळी मिरची.
या तिघांना आम्ही पवित्र त्रयी म्हणतो,
फादर गिल्बोसुद्धा म्हणतात, जेवताना.
ओवीद पाय फाकवून चिरतो,
फरशी कधीही कलेल अशा बेतानं.
पाटाखाली ओलं फडकं.
पातेल्याचे कान त्यानं
सुतळीनं शेगडीला बांधलेत.
"घर कुठे जात नाहीये," मी म्हणते.
"माहितेय," म्हणतो, आणि गाठ आवळतो.

हॅमचं कालचं हाड, तमालपत्रं, लसूण,
धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या, कडेनं काळपट.
मग झाकण, आणि बारीक रटरट.
अकरा वाजता खिडक्यांवर वाफ.
बाराला कुत्रा उठून आत आला.
एक वाजता त्यानं मोठा डाव घेतला
आणि मूठभर दाणे पातेल्याच्या अंगाला दाबून
चिरडले, परत सोडले;
रस्सा सायीसारखा दाटला.

तशी मी म्हटलं, हे तर माझं.
हे कुणी शिकवलं तुला?

"तूच. पत्रात.
पहिल्या फेरीला. मेम्फिसच्या वर कुठेतरी होतो,
माझा घेवडा गोट्यांसारखा राहिलेला,
पोरं मला नदीत टाकायला निघालेली.
दोघांचं माप लिहिलं होतंस.
मी सहानं गुणलं."

मला ते पत्र आठवत नाही.
आठवतं ते एवढंच की त्या वर्षी
मी एकटीसाठी दोघांचं शिजवायचे
आणि मंगळवारी तेच गरम करायचे.

"मग आता सहानं भाग ना," मी म्हटलं.
तो डाव हातात धरून
पातेल्यात बघत राहिला, बराच वेळ.
"तो भाग येत नाही गं मला."

भात मी केला. भाताला नाही लावू दिला हात.
सुटा, मोकळा, दोन वाट्या.
मग डबे भरले: शेजारची थिओना,
तिचे तीन दांडगे मुलगे,
फादर, पोस्टातला तो अबोल माणूस.
तरी पातेलं अर्ध्यावर.

जेवायला बसलो तेव्हा
उसाचा ट्रक गेला कारखान्याकडे,
आमच्या लाकडी घराच्या खांबांना हादरे देत,
कपाटातल्या बशा किणकिणत.
मी सवयीनं दुर्लक्ष केलं.
ओवीदनं घास तसाच ठेवला,
उठला
आणि ट्रक वळणापार जाईस्तोवर
पातेल्यावर हात ठेवून उभा राहिला.